झाकणाखालचा खर्ज

१

नवऱ्याची, अमोघची, गाडी फाटकातून बाहेर पडली की उत्कर्षा आधी हॉलच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायची. कासार आंबोलीच्या त्या बंगल्यात भाद्रपदातही उन्हं वर येईपर्यंत धुकं घरात शिरायचं, आणि पियानोला ओल चालत नाही. त्याच्या पोटात, तारांखाली, एक छोटा दिवा कायम पेटता ठेवलेला असायचा, आतली हवा कोरडी राहावी म्हणून. लोडशेडिंग सुरू झालं की तो विझायचा. मग ती अमोघच्या नावानं बोटं मोडायची. लोडशेडिंग काही अमोघनं सुरू केलं नव्हतं, पण या घरात जे जे बिघडायचं त्याचं एक टोक तिला त्याच्याच हातात दिसायचं.

बंगला त्यानं तिला न विचारता घेतला होता. हिंजवडीतल्या कंपनीत बढती मिळाली आणि एके संध्याकाळी त्यानं चाव्या आणून तिच्या तळहातावर ठेवल्या. म्हणाला, "सरप्राइज." तेव्हा ती पुण्यात, कॅम्पातल्या एका शाळेत पियानो शिकवत होती. मुलं तिला घाबरायची आणि तिच्यावर जीवही टाकायची. इथून रोज कॅम्पात जाऊन येणं जमेना, नोकरी सुटली. ती महिनाभर धड बोलली नाही. मग एका रविवारी ट्रक आला आणि त्यातून हा पियानो उतरला. मुंबईतला कुठलासा जुना क्लब मोडीत निघाला होता, तिथून अमोघनं तो उचलला होता.

"नेहमीच्या पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात," तो हमालांनाच सांगत होता, "याला सत्त्याण्णव आहेत. नऊ एक्स्ट्रा. फुल व्हर्जन."

त्या नऊ पट्ट्या डाव्या टोकाला होत्या. पियानो जिथे संपायला हवा तिथे बिजागरीचं एक अरुंद झाकण होतं. ते उचललं की खाली खर्जाच्या पट्ट्या, सगळ्याच्या सगळ्या काळ्या. वाजवणाऱ्याचा डावा हात टोकाच्या अंदाजानं ठाव घेतो. ते टोक पुढं सरकलं तर बोटं फसतात, म्हणून या पट्ट्यांना काळा रंग देतात आणि वर झाकण घालतात.

घरकामाला येणाऱ्या गोजराबाईनं झाकण पुसताना एकदा विचारलं, "वाजवायच्या न्हाईत तर ठिवल्यात कशाला?"

"बाकीच्यांचा आवाज भरदार यावा म्हणून," उत्कर्षा म्हणाली. "पायाशी ते पितळेचं पेडल आहे ना, ते दाबलं की तारांवरच्या फेल्टच्या गाद्या उचलल्या जातात. मग वरच्या पट्ट्या वाजवल्या तरी या खालच्या जाड तारा आपोआप थरथरतात. त्यांना कुणी हात लावत नाही. त्यांचं नाव कुणी घेत नाही. पण त्या आहेत म्हणून बाकीचं सगळं गोड लागतं."

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. गोजराबाईनं फडकं पिळलं आणि ती पुढच्या कामाला लागली.

२

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा घरात भांडण चालू होतं.

२००६ सालचा तो पावसाळा संपत आला होता. रविवारची सकाळ. अमोघ सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. ऑफिसातली आठ-दहा माणसं पुढच्या शनिवारी जेवायला येणार होती आणि उत्कर्षा त्यांना पियानो वाजवून दाखवणार होती. हे तिला त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं.

"तू कुणाला विचारून सांगितलंस?"

"आता विचारतोय ना. चिडू नकोस. शांतपणे बोलू या."

हे 'शांतपणे' तिला सहन होत नसे. अमोघ कधी आवाज चढवायचा नाही. तो हसून बोलायचा, हसूनच थांबायचा, आणि तोवर सगळं त्याच्या मनासारखं झालेलं असायचं.

"मी तुझ्या घरातली शोभेची वस्तू नाही," ती ओरडली. "तुला माणसं दिपवायची असतील तर झुंबर लाव."

ती थांबली. खोली मात्र थांबली नाही.

रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार भरावा तसा आवाज पियानोतून येत होता. फार मोठा नव्हता. पण तिच्या वाक्यातले चढउतार त्यात जसेच्या तसे होते. शब्द गळून नुसता राग उरला होता.

"वा," अमोघ लॅपटॉप बाजूला ठेवून उठला. "काय रेझोनन्स आहे." त्यानं पियानोत डोकं घालून 'हॅलो' म्हटलं. काही नाही. पुन्हा मोठ्यानं म्हटलं. तरी काही नाही. तो हसला. "तुझंच ऐकतो तो."

तो आंघोळीला गेला. उत्कर्षा वाकून खाली बघत राहिली. पेडल वर होतं. पेडलाजवळ कुणी गेलंही नव्हतं. सगळ्या गाद्या तारांवर घट्ट बसलेल्या असताना तार बोलत नाही, हे ती मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवायची.

३

पुण्याहून एकनाथराव आले. पियानो-हार्मोनियम दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं आणि शाळेतल्या दिवसांपासून ते उत्कर्षाच्या ओळखीचे होते. त्यांनी पुढची फळी काढली, बॅटरी मारून पाहिलं, एकेक गादी बोटानं चाचपली.

"गाद्या चांगल्या आहेत, मॅडम. पेडल न दाबता आवाज यायचं कारण नाही."

"पण येतो."

"या हवेत लाकूड फुगतं. एखादी गादी केसभर उचलली जात असेल." त्यांनी जाड फेल्टची लांब पट्टी काढली आणि खर्जाच्या तारांतून खाली-वर अशी गच्च विणून घातली. "आता या मुक्या. हातोडी बसली तरी ठक्क एवढंच."

त्यांनी झाकण उचलून शेवटची पट्टी दाबून दाखवली. ठक्क.

उत्कर्षाला बरं वाटलं. लाकूड फुगतं, गादी उचलली जाते. इतकं साधं होतं. हात धुता धुता एकनाथरावांनी विचारलं, "या पट्ट्या कुणी वाजवतं का?"

"नाही. का?"

"शेवटचीचा रंग गेलाय. बोट टेकतं तिथला."

"क्लबातल्या लोकांनी वाजवली असेल."

"असेल," ते म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

ते गेल्यावर तिनं झाकण उचलून पाहिलं. काळ्या रंगातून बोटाएवढं फिकट लाकूड दिसत होतं. पियानो आला त्या दिवशी तिनं स्वतः मऊ फडक्यानं प्रत्येक पट्टी पुसली होती. तेव्हा हे होतं की नव्हतं, तिला आठवेना. नको ते डोक्यात घालून गेल्याबद्दल तिला एकनाथरावांचाच राग आला.

४

काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी दूध उतू गेलं. जळका वास आला तशी उत्कर्षा स्वयंपाकघरात धावली. ओट्यावरून दूध खाली गळत होतं आणि गोजराबाई मागच्या पायरीवर, बाहेर, पदर कानावर ओढून बसली होती.

"समोर दूध उतू जातंय आणि तुम्ही बाहेर बसलाय?"

"मी मगाशीच भाईर आले."

"का?"

"त्ये सुरू झालं न्हवं."

"काय सुरू झालं?"

गोजराबाईनं हॉलच्या दिशेनं हनुवटी उडवली. "त्ये घुमतंय त्ये. सुरू झालं का मी भांडी ठिवून भाईर येते. मंग तुमी वराडता. तुमचं वराडून झालं का मी आत."

"मी ओरडते आणि मग तो घुमतो, गोजराबाई. उलटं नाही."

"न्हाई ताई. आदी त्ये. मंग तुमी." पौडची एसटी आधी येते आणि मालेची नंतर, हे सांगावं तितक्या सहज ती म्हणाली. "दूध तर आत्ता गेलं उतू. त्ये कवाचं चालू हाय."

या बाईला आत्ताच्या आत्ता कामावरून काढावं असं उत्कर्षाला वाटलं. अडाणी, आळशी, वर तोंड करून बोलते. तिनं तोंड उघडलं आणि शब्द यायच्या आधी तिच्या तळव्यांना कळलं. थंडगार फरशीतून, बोटांच्या पेरांतून, ते वर येत होतं. तिचा आवाज अजून निघालेला नव्हता आणि त्या आवाजाला बसायला जागा तयार होती.

तिनं तोंड मिटलं. गोजराबाई तिच्याकडे पाहत राहिली. काही वेळानं घुमणं विरलं.

"आज तुमी न्हाई वराडला," गोजराबाई म्हणाली आणि फडकं घ्यायला आत गेली.

५

उत्कर्षा ऐकू लागली. ऐकणं हा तिचा धंदाच होता.

एका दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत होती. मनात काही नव्हतं. समोर अनुष्का, तिची नऊ वर्षांची मुलगी, शाळेतून येऊन चित्र रंगवत बसली होती. आणि ते सुरू झालं. तारांत फेल्ट विणलेलं होतं, सकाळीच तिनं पाहिलं होतं. तरी टेबलाच्या पायातून ते वर चढत होतं. ते आल्यावर तिचं मन कारणं शोधू लागलं. खुर्चीवर टाकलेले ओले मोजे. अमोघचा टॉवेल. अनुष्काचं ते नाक ओढणं. यातलं जे हाताला लागेल ते उचलून ती आता ओरडणार होती. तिनं टेबलाची कड धरली आणि ओठ दाताखाली दाबला.

अनुष्कानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रंगाची कांडी खाली ठेवली. खुर्चीवरून उतरली आणि आवाज न करता हॉलमध्ये गेली.

घुमणं तुटलं. विरलं नाही, कुणी तोंडावर हात ठेवावा तसं तुटलं.

उत्कर्षा मागोमाग गेली. अनुष्का पियानोच्या डाव्या टोकाशी उभी होती. झाकण उघडं होतं. शेवटच्या पट्टीवर तिची दोन बोटं होती आणि टाचा उचलून ती सगळा भार त्या बोटांवर देत होती.

"काय करतेस?"

"दाबून धरलंय."

"कशाला?"

"दाबून धरलं की ते थांबतं. मग तू ओरडत नाहीस."

उत्कर्षा तिच्याजवळ गेली. "कधीपासून करतेस हे?"

"तू माझा कंपास फेकलास ना, तेव्हापासून." अनुष्कानं बोटं काढली नव्हती. "पण आई, आधी ही लगेच खाली लागायची. आता खूप खाली जाते. मला वाकायला लागतं."

उत्कर्षानं तिचा हात ओढून घेतला. बोटं थंड होती आणि पेरांवर काळा रंग लागला होता. अनुष्काला रंगवायला परत पाठवून तिनं स्वतः ती पट्टी दाबली. कुठलीही पट्टी जाते तेवढीच ती खाली गेली. तळ लागला. ठक्क.

लहान मुलं काहीही सांगतात, ती स्वतःला म्हणाली. पण मुलगी सांगत होती त्यातलं एक खरं होतं. या घरात एक मूल आपल्या आईचा राग बोटांनी दाबून धरायला शिकलं होतं. ते मनात आलं तसा उत्कर्षाला स्वतःचा संताप आला. तिनं कान दिला. पियानो गप्प होता. हा राग त्याचा नव्हता.

६

संध्याकाळी ती अमोघला म्हणाली, "पियानो घरातून न्यायचा."

"अगं, इतक्या हौसेनं आणला मी."

"अनुष्का घाबरते."

अमोघनं चष्मा काढून पुसला. नेहमीसारखंच हसू होतं, थोडं काळजीचं. "पियानोला की तुला?"

पियानो गप्प होता. खालून काही आलं नाही. उत्कर्षाच्या आत जो राग पेटला तो स्वच्छ, तिचा एकटीचा होता. त्याला सगळं सांगून टाकणं सोपं होतं. त्याला ते आवडलंही असतं. त्यानं लगेच विश्वास ठेवला असता, कारण मग दोष लाकडाचा आणि तारांचा झाला असता. तिची सुटलेली नोकरी, तिच्या तळहातावर ठेवलेल्या चाव्या, सगळ्यांना आधीच सांगून टाकलेलं तिचं वाजवणं, यातलं काहीच मग उरलं नसतं. बायको का चिडते, तर पियानो खराब आहे.

ती खिडक्या लावू लागली.

"दिवाळीनंतर बघू," अमोघ म्हणाला. "आत्ता या चिखलात ट्रक चढायचा नाही. आणि तू जरा कुणाला तरी दाखवून ये. थकलीयस तू."

तो फोन घेऊन गच्चीवर गेला. उत्कर्षानं हत्यारांच्या डब्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि खर्जाच्या पट्ट्यांवरचं झाकण दोन स्क्रू पिळून बंद करून टाकलं. चकचकीत लाकडावर दोन भोकं पडली. त्याचं तिला वाईट वाटलं नाही.

७

त्या आठवड्यात शाळा एक दिवस लवकर सुटली. दुपारी आभाळ भरून आलं, लाइट गेली, आणि उत्कर्षा कपडे काढायला गच्चीवर गेली. तिच्या पायात चप्पल नव्हती.

दोरीवरची चादर ओढतानाच ते स्लॅबमधून वर आलं. आजवर इतकं जोरात कधी आलं नव्हतं. पाठोपाठ तिच्या डोक्यात ते वाक्य आलं, पियानोला की तुला, आणि त्या वाक्याला धरून सगळं वर येऊ लागलं. चादर तशीच टाकून ती कठड्याशी उकिडवी बसली. हे आपलं नाही, ती पुटपुटली. जाईल. वर वर चढत ते तिच्या दातांत पोचलं.

आणि तुटलं.

ती जिन्यावरून धावत सुटली.

खिडक्या बंद असल्यानं हॉलमध्ये अंधारलेलं होतं. दोन्ही स्क्रू पियानोवर शेजारी शेजारी नीट उभे करून ठेवलेले होते. झाकण उघडं होतं. अनुष्का पट्ट्यांवर गाल टेकवून ओणवी झाली होती. खाटेखाली गेलेला चेंडू काढताना मूल कसं गाल जमिनीला लावून हात लांबवतं, तशी. तिचा डावा हात कोपरापर्यंतच दिसत होता. त्यापुढे पट्टी होती तिथे एक फट होती, आणि त्या फटीत बोटही जेमतेम गेलं असतं.

"आई, ओढू नकोस," अनुष्का हळूच म्हणाली. "आता लागलाय तळ."

उत्कर्षा तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"खालून पण कुणीतरी दाबून धरलंय, आई. छोटा हात आहे. थरथरतोय."

उत्कर्षानं तिला काखेत धरलं आणि ओढलं. हात येईना, मग एकदम येऊ लागला. तो येत असताना, अगदी तेवढ्या वेळापुरतं, तिला फटीच्या आत दिसलं. अनुष्काच्या मनगटाला चार बारीक बोटं धरून होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. आणि त्यांच्या पलीकडे, खूप खोल, एक बाई धावत येत होती. तोंड उघडं टाकून, जिन्यावरून धावावं तशी, त्या बोटांच्या मागून त्यांच्याकडेच येत होती.

बोटांनी आपणहून सोडलं. पट्टी वर आली. ठक्क.

दोघी फरशीवर पडल्या. अनुष्काचा हात कोरडा होता, कुठे ओरखडाही नव्हता. उत्कर्षानं तो पुन्हा पुन्हा चोळला. काळं पॉलिश आरशासारखं असतं, तिचं मन म्हणत होतं. त्यात धावत येणारी तूच तुला दिसलीस. पॉलिशमध्ये दिसलं असेल, हे तिनं मान्य केलं. पण तेव्हा ती धावत नव्हती. ती उभी होती.

"तिला मार बसेल आता," अनुष्का म्हणाली. ती रडत नव्हती.

८

दुसऱ्या दिवशी तिनं एकनाथरावांना फोन केला. अमोघला विचारलं नाही. दुपारपर्यंत टेम्पो आला, चिखलातून घसरत का होईना, फाटकापर्यंत चढला. हमालांनी पियानोचे पाय सोडवले, गोधड्या गुंडाळल्या आणि रीतीप्रमाणे त्याला डाव्या अंगावर आडवा केला.

"या अंगाला लई जड हाय," त्यातला एक म्हणाला. "आत काय भरलंय का?"

"काही नाही," उत्कर्षा म्हणाली. "न्या."

अनुष्का गोजराबाईच्या घरी होती. टेम्पो पौड रस्त्याला लागेपर्यंत उत्कर्षा फाटकात उभी राहिली.

दोन दिवसांनी एकनाथरावांचा फोन आला. खर्जाच्या तारा त्यांनी काढून टाकल्या होत्या, पट्ट्या आतून खिळवून टाकल्या होत्या. सगळं उघडून पाहिलं, आत धुळीशिवाय काही नव्हतं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत पियानो गोदामात राहू द्या, असं ते म्हणाले.

अमोघ रिकाम्या हॉलमध्ये जरा वेळ उभा राहिला होता. मग हसला. "ठीक आहे. तू शांत झालीस ना, मग झालं."

आणि ती खरंच शांत झाली. दूध उतू गेलं तर पुसून टाकायची. टॉवेल उचलून दोरीवर टाकायची. गोजराबाई मागच्या पायरीवर जाईनाशी झाली. अनुष्काही शहाण्यासारखी जेवायची, झोपायची, शाळेत जायची. फक्त ती फारसं बोलेनाशी झाली होती. जे काही बोले ते घशात बसल्यासारखं, जाडं. पौडच्या डॉक्टरांनी हवेचा परिणाम म्हणून औषध दिलं. औषधानं फरक पडला नाही.

९

दिवाळी होऊन गेली. एका रविवारी दुपारी तिघं जेवायला बसली होती. उन्हं टेबलापर्यंत आली होती. उत्कर्षा भात वाढत होती.

"एक सरप्राइज आहे," अमोघ म्हणाला. "पाचगणीच्या शाळेत अनुष्काचं नाव घालून आलो परवा. होस्टेल एकदम छान आहे. जूनपासून."

उत्कर्षानं भातवाढी खाली ठेवली.

आता आपल्याला राग यायला हवा, हे तिला स्पष्ट कळत होतं. आजवरच्या सगळ्यांतलं हे सर्वांत मोठं होतं. तिनं आत चाचपलं. जिथे तो असायचा तिथे ती गेली, त्याच्याही खाली गेली. काही लागलं नाही. नुसतीच खोली होती, आणि ती संपत नव्हती. पियानोतून येणारा तो परका राग पियानोबरोबरच गेला, हे तिला ठाऊक होतं. तिचा स्वतःचाही गेला होता. तो कधी गेला ते तिला कळलंही नव्हतं.

"बरं," तिच्या तोंडून आलं. तो आवाज ऐकून ती घाबरली.

अमोघचा चेहरा खुलला. "बघ. शांतपणे बोललं की किती सोपं असतं."

"मी जाणार नाही."

अनुष्का मोठ्यानं बोलली नव्हती. ताटाकडे बघत, घास खाली ठेवून बोलली होती. पण ते कानाला लागायच्या आधी उत्कर्षाला खुर्चीच्या बैठकीतून जाणवलं. अमोघच्या वाटीतल्या आमटीवर मधोमध एक बारीक वलय उठलं, काठापर्यंत गेलं, त्यामागून दुसरं निघालं.

अमोघनं हॉलकडे पाहिलं. तिथे फरशीवर पियानोच्या पायांचे ठसे होते, आणखी काही नव्हतं. त्याचं हसू चेहऱ्यावर राहिलं होतं, पण ते आता त्याला काढता येत नव्हतं इतकंच.

"अनुष्का, घसा दुखतोय का बेटा? आपण शांतपणे..."

"मला कुणी विचारलं?"

मांडणीतली भांडी किणकिणली. नऊ वर्षांच्या छातीत मावणार नाही असा तो खर्ज होता, आणि त्यात कितीतरी जणींचं न बोललेलं एकत्र होतं. अमोघनं खुर्ची मागे सरकवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं बायकोकडे मदतीसाठी पाहिलं.

"उत्कर्षा, तिला सांग ना काहीतरी. हे काय चाललंय?"

उत्कर्षानं मुलीकडे पाहिलं. नुसता हात पाठीवर ठेवला असता तरी अनुष्का थांबली असती. कित्येक दिवस त्या चेहऱ्यावर सतत कानोसा घेतल्याचा ताण असायचा, तो आता नव्हता. चेहरा मोकळा होता, डोळे बापावर स्थिर होते. हा तर पहिला, अगदी हलका सूर आहे, अजून पुष्कळ खाली जायचंय, हे उत्कर्षाच्या कानाला कळलं होतं.

तिनं आपलं ताट जवळ ओढलं, भातावर आमटी घेतली आणि जेवायला सुरुवात केली.